आतल्या खोलीची कडी

२६ फेब्रुवारी १९७६, गुरुवार.
…आणि नळ जायच्या आत दोन घागरी भरल्या, भाकऱ्या थापल्या, दाक्षायणीची वेणी घातली, आतल्या खोलीची कडी लावली, ओसरी झाडली. हे गेले त्या दिवशीही सकाळी एवढंच केलं होतं. सहा वर्षं झाली. क्रम तोच आहे.
आज ठरवलं. मंदबुद्धी मुलांच्या आयांचं पालक मंडळ काढायचं. दर गुरुवारी दुपारी तीनला, आमच्या ओसरीवर. लायब्ररीच्या पुस्तकात पहिलीच सूचना आहे, मूल लपवू नका. तिथूनच सुरुवात करीन.

४ मार्च.
पाच बायका आल्या, सगळ्या एकट्याच. पुढच्या वेळी मुलं आणा, लाज कसली, असं मी ठणकावून सांगितलं. शेजारच्या सावित्रम्मांनी विचारलं, दाक्षी कुठंय. झोपली आहे म्हटलं. तेवढ्यात आत तांब्या पडला. झोपेत पाय लागला असणार.

९ मार्च.
येत्या गुरुवारी दाक्षीला बाहेर बसवायचं. नक्की. चौदा वर्षांची झाली. नवा फ्रॉक शिवायला टाकला.

११ मार्च.
फ्रॉक मिळाला नाही. जुन्या फ्रॉकवर चारचौघांत कशी बसवणार? शिवाय ऊन फार.
तिघींनी मुलं आणली. दाक्षी आतून दार बडवत होती. शेजारी चटणी कुटतायत, असं मी सांगितलं. सावित्रम्मा समोरच बसल्या होत्या. आमच्याकडं कोण कुटतंय आज, म्हणाल्या. बायका हसल्या. मंडळात मोकळेपणा येतो आहे.

१८ मार्च, संध्याकाळ.
फ्रॉक मिळाला. दाक्षीला घातलाही. पावणेतीनला कडीवर हात ठेवला होता, पण बायका लवकर आल्या.
विड्या वळणारी बसव्वा तिच्या सुंदरीला घेऊन आली होती. आठ वर्षांची पोर, बोलत नाही. मी पुस्तक वाचायला लागले. आतून दारावर दोन थापा पडल्या. सुंदरी उठून दाराशी जाऊन बसली. तिनंही दोन मारल्या. आत शांत. मग तीन. सुंदरीनं तीन मारल्या. मी आवाज चढवला. दोन पानं एकदम उलटली गेली, कुणाच्या लक्षात आलं नाही.
बसव्वा म्हणाली, "अक्का, तिलाबी येऊ दे की भाईर."
किल्ली सापडत नाही, असं मी म्हटलं.
"नुसती कडी हाय की, अक्का."
या वेळी कुणी हसलं नाही. मीटिंग संपली म्हणून मी सांगितलं. सुंदरी दार सोडेना. ती रडायला लागली, तशी बसव्वानं तिला उचललं. उंबऱ्यात थांबून मला म्हणाली, उद्या विड्या वळताना आमच्याकडं सगळ्याजणी बसतोय, पोरं तिथंच खेळतील, तुम्हीपण या. पुस्तक आणलं नाही तरी चालेल, असंही म्हणाली.
सगळ्या गेल्यावर कडी काढली. दाक्षीचे तळवे लाल झाले होते. नवा फ्रॉक घामानं भिजला होता. तिनं माझ्यामागे ओसरीवर पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

१९ मार्च.
पाणी भरलं. भाकऱ्या केल्या. वेणी घातली. फ्रॉक धुऊन वाळवला, तोच घातला. दाक्षीचा हात धरून, भर गल्लीतून, बसव्वाच्या घरी गेले.