पाणी न घेता विचारावं

आई, परदेशातून आपल्याकडे अभ्यासाला येणाऱ्यांसाठी मी एक माहितीपत्रक लिहितेय. ऑफिसने काम दिलंय. वस्तीत जाताना कसं वागावं, परवानगी कशी घ्यावी, फोटो कधी काढू नये, असं सगळं. हसू नकोस गं. तुझी लेक लोकांना वागायला शिकवणार म्हटल्यावर तू पदर तोंडाला लावला असतास, मला काय माहीत नाही होय!

ती परदेशी बाई आपल्या मोरव्यात आली होती, आठवतं ना? मिठागरात राबलेल्या बायकांवर तिला पुस्तक लिहायचं होतं आणि मी तिची दुभाषी. कॉलेज नुकतंच संपलेलं, गळ्यात ओळखपत्र, मी नुसती हवेत. शेजारच्या काकूकडे गेलो. काकूने पाणी दिलं, आम्ही प्यायलो, बाईने परवानगीचा कागद पुढे केला आणि काकूने मुकाट सही केली. मग बाई एकेक विचारत गेली आणि काकू सांगत गेली. तिचं आधी एक लग्न झालं होतं, ती तिथून कशी पळून आली, सगळं. तिच्या पोरांनाही यातलं काही माहीत नव्हतं. मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितला आणि बाईने तो वहीत उतरवला.

संध्याकाळी मी तुला फुशारकीने हे सांगतेय. तू मोरीपाशी मांदेली साफ करत बसलीयस. तुझा हात थांबतो.

"तुला अक्कल हाय का न्हाय? घरचं पानी प्यालेल्या पावन्याला न्हाय कोन बोलतं आपल्यात?"

"अगं, सही केलीय तिने."

"सहीचं काय घेऊन बसलीस! उद्या परत जा. एकली जा. बसू नको, पानी घेऊ नको, मागच्या दारी उभ्या उभ्या इचार. तवा व्हय बोलली तर खरं."

मी गेले नाही, आई. मला लाज वाटली. त्या बाईसमोर आपलं गाव अडाणी दिसेल, वहीतलं सगळ्यात भारी पान हातचं जाईल, असले विचार. दुसऱ्या दिवशी तुला बिनधास्त सांगितलं, "जाऊन आले, चालेल म्हणाली." तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि माझ्या ताटात तळलेली मांदेली वाढलीस.

तू गेलीस, मी लग्न होऊन शहरात, इंद्रलोक वसाहतीत राहायला आले, पण ते पान काही माझी पाठ सोडेना. पुस्तक छापून आलंय हे कळलं होतं, उघडायची छाती झाली नाही. काकू आता पार थकलीय. तिची नात इंग्रजी शाळेत शिकलेली, दिसेल ते वाचणारी. गावच्या हळदीला गेले की काकू मला जवळ बसवून घ्यायची आणि माझा जीव खालीवर. हिच्या घरात एक दिवस हे पुस्तक येणार आणि म्हातारपणी हिला पोरांसमोर मान खाली घालावी लागणार, तीही माझ्यामुळे.

मागच्या आठवड्यात साहेबांनी नमुना म्हणून नेमकं तेच पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. रविवारी कुकरच्या शिट्ट्या न मोजता पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. काकूचं मिठागर आहे, मिठाने चिरलेल्या टाचा आहेत, पण ते लग्न नाही. कुठ्ठेच नाही! मी ओट्याला टेकून रडले. भात करपला, करपू दे म्हटलं.

मग त्या बाईला ईमेल केला. ती आता निवृत्त झालीय. काल तिचं उत्तर आलं. तिने लिहिलंय की ती परत जाण्याच्या आदल्या दिवशी तू तिच्या पेणकरपाड्याच्या खोलीवर गेली होतीस. तू! बाजाराच्या पलीकडे कधी एकटी न गेलेली. काकूला सोबत घेऊन, तिलाही जेमतेम कळणाऱ्या तुझ्या त्या मोडक्या हिंदीत, "वो शादीवाला मत लिखो." बाईने तिथल्या तिथे वहीतलं पान फाडून काकूच्या हातात दिलं. पुढे लिहिलंय, "तुझी आई माझ्यावर फार रागावली होती का? मी दोनदा पाणी पुढे केलं, तिने शेवटपर्यंत घेतलं नाही."

तिला मी आज सकाळी लिहिलं, "राग नव्हता हो. आई तुमच्या घरी पाहुणी होती. ती पाणी प्यायली असती, तर तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं."

माहितीपत्रकात मी हेच सगळ्यात वर घातलंय. सही झाली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, दारात उभे राहा, काही न घेता विचारा. साहेब म्हणाले, हे कुठल्या पुस्तकातलं? मी म्हटलं, घरातलं.

हलकं वाटतंय गं, किती वर्षांनी. हा कागद त्याच पुस्तकात ठेवून देतेय, पाठवणार तरी कुठे? काकूला विचारायला गेलीस तेव्हाच तुला कळलं असणार की मी तिच्याकडे फिरकलेच नव्हते. तरी शेवटपर्यंत तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. तुला ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून कधी निघालं नाही ते आज सांगते. मी खोटं बोलले होते, आई.