आत्याच्या पोटावर टाके का नाहीत

टाके कुठे आहेत, टाके कुठे आहेत! आतोबा, फोनवर तुम्ही तेवढंच विचारलंत आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलात, म्हणून हे पत्र. कागदावर तरी तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. टाके नाहीत. घातलेच नव्हते. आत्याला उन्हात बसवून शोधलंत तरी एक दोरा सापडायचा नाही. तुम्ही शिंपी, तुमचा भरवसा शिलाईवर, कबूल. पण बायको म्हणजे अस्तर बदलायला आलेला कोट नव्हे. (रागात नमस्कार राहिला. साष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे? फोनवरच्या आवाजावरून तर ठणठणीत वाटली. गुडघा काय म्हणतोय?)

मी इथे इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुतो, डॉक्टर नाही, हे तुम्ही गल्लीभर सांगून झालंच आहे. शाळेचं आणि माझं जमलं नाही, तेही खरं. पण डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं ते असं. आत्याच्या गर्भाशयात गाठ आहे. कॅन्सरची नाही, पण तिच्यापायी अंगातलं रक्त जातं. (पुढचं मी तुम्हाला लिहिणं बरं दिसत नाही. तुम्ही घरातच असता.) तर सोनोग्राफीत असतो तसला, कानाला ऐकू न येणारा आवाज, पण फार जोराचा, बऱ्याच बाजूंनी पोटात सोडतात. एकेकटा आवाज काहीच करत नाही. सगळे जिथे एका ठिपक्यावर भेटतात तिथे गाठ भाजून निघते. मग पुढचा ठिपका. आता हे थापा वाटत असेल तर आपलंच घर घ्या. तुम्ही एकटे मला बोललात तर मला काही होत नाही. आत्या बोलली, कानाआड करतो. बाबा बोलले, सवयच आहे. पण मागच्या खेपेला तुम्ही तिघं मिळून एकदम माझ्या नोकऱ्या बदलण्यावर घसरलात, तेव्हा आत जे भाजलं त्याची धग अजून गेलेली नाही. वरून कातडीला काही दिसलं का? पडले का टाके?

तरी मी म्हणतो, अर्धी चूक आत्याची आहे. बोगद्यासारखं मशीन, त्यात पालथं झोपायचं, पोटाखाली पाण्याची उशी, आणि हलायचं नाही. भूल नाही, माणूस जागाच असतो. म्हणून हातात एक बटण देतात. दुखलं तर दाबायचं, की सगळं तिथल्या तिथे बंद. मी काचेच्या बाहेर उभा. मशीन सुरू झालं, जरा रंगात आलं, की आत्याने बटण दाबलं. सगळे धावले. आत्याने विचारलं, डॉक्टर, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत का? बाई म्हणाल्या, खाल्लं. पुन्हा नेम धरून सुरू. पुन्हा बटण. ती उशी गळून चादर भिजली तर माझ्या भाच्याला धुवावी लागेल हो! (सगळ्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.) शेवटी बाई जरा करड्या आवाजात म्हणाल्या, मावशी, दुखलं तरच दाबायचं. त्यावर आत्या गप्प बसली असं वाटलं, तोच पुन्हा बटण. आता काय दुखलं? "नाही हो, दुखत नाहीये, तेच सांगायला दाबलं."

असं करत दिवस संपला आणि गाठ निम्मीच भाजली. उरलेली पुढच्या महिन्यात करू, म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी आत्या स्वतःची पिशवी स्वतः उचलून घरी आली, हाच तिचा गुन्हा! ऑपरेशन झालेलं माणूस चालत येतं का, असं म्हणून तुम्ही आल्या आल्या तिला काजं करायला बसवलंत. वर परस्पर त्या सर्जनकडे तारीख घेतलीत, ज्याने तुमच्या भावाचं अपेंडिक्स काढलं आणि ज्याची शिलाई तुम्ही भावाला शर्ट वर करायला लावून गिऱ्हाइकांना दाखवता. आतोबा, शिलाई चांगलीच असेल. पण आत्याच्या अंगात रक्त किती उरलंय ते तो पोट उघडल्यावर बघणार का? बाई स्पष्ट म्हणाल्या, एवढ्या कमी रक्तावर कापणं जोखमीचं. मी आरडाओरडा करून सांगतोय ते एवढंच. ती तारीख रद्द करा. तुमच्या पाया पडतो. चिडून पडतो, पण पडतो.

तुमचा,
(गल्लीभर बदनाम झालेला) भाचा

ता. क. आत्याला हलू नको, बोलू नको असं घरी बजावू नका. त्याचा काही उपयोग होणार नाही.

आणखी ता. क. खरं ते आता लिहितो. ती बटण का दाबत होती, ते तिथल्या नर्सने मला नंतर सांगितलं. दर वेळी खाण्याची, चादरीची चौकशी झाली की शेवटी हळूच विचारायची, बाहेर आमचं कोणी आहे ना? आतून तिला काच दिसत नाही. पायाशी एक माणूस बसलेला चालतो, पण आत मोठं लोहचुंबक आहे आणि माझ्या पायात सळई. (मोटारसायकल घेऊ नको म्हणाला होतात. बरं, तुमचं खरं.) तुमच्या अंगात काही लोखंड नाही. कॉलरच्या टाचण्या तेवढ्या घरी काढून ठेवा आणि तिच्यासोबत या. बोलायचं काही नाही, नुसता तळपायाला हात लावून बसायचं. ती होऊन तुम्हाला या म्हणणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि दुकान बंद राहील त्याचं, असे मिळून पैसे पाठवतोय. तिला मात्र सांगा, तुमच्या गल्ल्यातले आहेत : सात हजार.