जेमासाठी राखलेलं गवत

कायब्रम, १४ नोव्हेंबर

लाडक्या फिलोमेनाला तुझ्या ताईचा गोड पापा.

तर गाडीतून सगळ्यांत आधी कोण उतरलं असेल? कुत्रा! थेट माझ्या टोमॅटोच्या रोपांत. मग माझी सिल्व्हाना, आणि मागून तिची जेमा. बाई गं, बाराची झाली, माझ्याहून उंच! न कळवता आल्या. जेमानंच हट्ट धरला म्हणे. मी बटाट्याच्या न्योक्कीच्या गोळ्यांचं पीठ मळत होते, तशाच हातांनी तिला कवटाळलं. बटाटे मात्र यंदा पाणचट निघालेत.

म्हटलं, "चल, तुझं गवत बघ." आमच्या ह्यांनी गाईंसाठी पेरलेलं राय गवत. गाई विकल्या, हे गेले, तरी घरामागचा तुकडा मी दर नोव्हेंबरात, इथला वसंत भरात असताना, तिच्या लपाछपीसाठी राखते. कमरेएवढं झालं होतं, फुलोऱ्यावर.

पोर कुंपणापाशीच थबकली. शिंकांवर शिंका. मी म्हटलं, सर्दी असेल, काढा उकळते. तेवढ्यात तिची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. सिल्व्हानानं पर्समधून निळा पंप काढला, पोरीनं सराईतासारखा ओढला. चारदा.

"कधीपासून गं हे?"

"तीन वर्षं झाली, आई. नाक आणि छाती एकच वाट आहे. गवताच्या परागांनी नाक बिघडलं की खाली दमा उठतो. म्हणून तर इकडे येत नव्हतो. आता नाकात रोज फवारा मारते, त्यानं छातीही बरी असते, म्हणून धीर केला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"बाबांचं गवत नांगरून टाकशील नि रडत बसशील, म्हणून. मावशीला ठाऊक आहे की सगळं!"

घरात खिडक्या लावून बसलो. पोरीनं दोन ताटल्या न्योक्की खाल्ली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

फिलोमेना, तीन वर्षं दर रविवारी फोनवर मी तुला विचारत होते, माझ्या अंगाला गोठ्याचा वास येतो म्हणून पोर येत नाही का गं? आणि तू म्हणायचीस, "शहरात कामं असतात, ताई." मी रडायचे, ते ऐकायचीस. ऐकूनही.

असो. तुझ्या लिंबाच्या झाडानं मूळ धरलं का?

काल शेजारच्या केव्हिनला बोलावून गवत कापून घेतलं. त्यासाठी नाही रडले.

सत्तावीस जानेवारीला परत येतो म्हणाल्यात, भर उन्हाळ्यात, रानातलं सगळं गवत वाळल्यावर. रविवार आहे. त्या दिवशी तू फोन करू नकोस, मी त्यांच्याशी बोलत असेन.

तुझीच बहीण,
नुंत्सिया