पुस्तकात नसलेला प्रसंग

१४ मार्च

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर आई ठीक आहे. मीही मजेत. बाबांवरचा तुझा सिनेमा जोरात चाललाय, हे मी तुला काय सांगणार!

खरं सांगू? पोटात दुखतंय माझ्या. बाबांवरची कादंबरी लिहायला मला सहा वर्षं लागली. अकरा वर्षांत ती जेवढ्यांनी वाचली, त्याहून जास्त माणसं तुझ्या एका खेळाला बसतात. बाबांच्या दुकानासमोरचा न्हावी परवा म्हणतो, "काय माणूस होते हो तुमचे वडील!" अरे, वीस वर्षं ते तुझ्या नाकासमोर कपडे शिवत होते! पण त्याला दिसले ते पडद्यावर. जन्मात पुस्तक हातात न धरलेल्यांच्या घरीही आता बाबांच्या गोष्टी निघतात. मला हे जमलं नाही.

काल ग्रंथालयात एक बाई माझं पुस्तक उलटसुलट चाळत होत्या. "वडील मुलाची छापून आलेली गोष्ट वाचतात, ते पान कुठलं?"

"तसं पानच नाही. बहिणीने लोकांना रडवायला घुसडलंय ते."

"मग सिनेमाच बरा," म्हणाल्या नि पुस्तक ठेवून दिलं.

घरी येऊन आईपुढे तुझ्या नावाने शंख केला. म्हणे गळ्यात टेप, गिऱ्हाईक ताटकळलेलं, आणि बाबा एकेका शब्दावर बोट ठेवून माझी गोष्ट वाचताहेत! काहीही!

आई भाजी निवडत होती. "घुसडलं कशाला? खरंच वाचली त्यांनी. अडलं की चिंगी जोडाक्षरं सांगायची. तुला सांगू नका म्हणाले, शेफारेल."

चिंगे, माझ्या कादंबरीचं शेवटचं वाक्य तुला ठाऊक आहे. 'बाबांनी माझी एक ओळही वाचली नाही.' ते वाचूनही तू अकरा वर्षं गप्प बसलीस? नवी आवृत्ती सोमवारी छापायला जातेय. प्रकाशक त्याच पानासाठी थांबलाय, आणि माझा हात चालत नाही.

सिनेमाचं सोड. बाबा माझे शब्द लावत होते तेव्हा त्यांच्या शेजारी तू होतीस, म्हणून मी जळतोय.

तुझ्या सिनेमात ते कागदाची घडी घालतात, वर बघतात, आणि तू तिथेच प्रसंग तोडलास. चार वेळा बघून आलो. आई म्हणते, ती तेव्हा चहा टाकायला उठली होती. म्हणजे घरातली ऐकणारी तू एकटीच.

काय म्हणाले गं? वाईट बोलले असतील तरी लिही.

तुझ्यावर जळणारा,
तुझाच दादा