वाटेतला गडगा

१३ जानेवारी २०२५

अध्यक्ष झालो! बंदराकडच्या वस्तीची म्हणे 'सर्वसमावेशक सुधारणा' होणार, तिच्या समितीचा. नगरपरिषदेतून फोन — "गुरुदास मास्तर, वस्तीच्या तोंडाशीच तुमचं घर. तुमच्याशिवाय कोण?" खरंच, कोण! जन्मभर विज्ञान शिकवलं. अर्धी वस्ती माझी छडी खाऊन शहाणी झाली, उरलेली अर्धी शाळेतच आली नाही.

शुभदाला सांगितलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "पगार आसा?" या बाईला समाजकार्याची आवडच नाही.

१६ जानेवारी

सकाळी परत ती वरात! वस्तीतल्या सीताबाई प्लास्टिकच्या खुर्चीत, एका बाजूला त्यांचा मुलगा बाळा, दुसऱ्या बाजूला जो सापडेल तो. दर सोमवारी आणि गुरुवारी ओरोसला डायलिसिस. अँब्युलन्स मोठ्या रस्त्यावर उभी राहते, आत शिरतच नाही. एका अंगाला खाडीचा बांध, दुसऱ्या अंगाला माझ्या आवाराचा चिऱ्यांचा गडगा, मधून वाट. समोरून म्हैस आली तर माणसाने मागे फिरायचं. बाळाचं कोपर गडग्याला घासून सोललेलं असतं. वाईट वाटतं हो बघून. चहासुद्धा गोड लागत नाही.

पण चूक कुणाची? झोपड्या पुढे पुढे सरकवायच्या आणि मग वाट नाही म्हणून रडायचं! आता मी आहे. सगळ्यांना मागे सारतो.

२५ जानेवारी

आमच्या अंगणात लोकसहभाग झाला. पुण्याहून सल्लागार आले — केयूर नावाचा पोरगेला गृहस्थ, पँट गुडघ्यावर फाटलेली, ती म्हणे तशीच मिळते. शुभदाने विचारलं, "ह्येका शिवून देव काय?" मी तिला आत पाठवलं.

केयूररावांनी पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. "आपल्या स्वप्नातली वस्ती लिहा!" सगळ्यांनी लिहिलं — रस्तो. "छान! पण जरा मोठं स्वप्न बघा ना!" दुसऱ्यांदा सगळ्यांनी लिहिलं — मोठो रस्तो. सीताबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "माझ्या दारात अँब्युलन्स येवंदे. बाकीची सपनां तुमी बघा."

केयूररावांनी मान डोलावली, टिपून घेतलं, आणि सेल्फी पॉइंट कुठे करायचा ते मला विचारलं.

२ फेब्रुवारी

सुधारणा सुरू झाली. माझ्या गडग्यावर बाहेरून समुद्रातलं दहा पायांचं एक भलंमोठं माकूल रंगवलं. हसतंय. या किनाऱ्यावर माकूल हसत नाही, त्याचं सुकं करतात. केयूरराव म्हणाले, यामुळे वस्तीला 'आपलेपणा' येईल. गडगा माझा, आपलेपणा वस्तीला!

१० फेब्रुवारी

रस्त्याचं भूमिपूजन! झोपड्यांवर मी अर्धा तास बोललो. "विकासाच्या आड येणाऱ्याची गय करू नका!" टाळ्या बेताच्या. मग नारळ ठेवून धोंडू पुढे झाला. वस्तीतर्फे देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. माझं मत सगळ्यांना ठाऊक आहे — देव गाऱ्हाणं ऐकून कामाला लागत नसतो. तरी अध्यक्ष म्हणून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां आज वाट मागूक उभी आसत. ह्या वाटेत जो कोण आड येयत, तेका बाजूक सार रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने मी ओरडलो. शुभदा म्हणाली, आवाज बाजारापर्यंत गेला.

१८ फेब्रुवारी

मोजणी झाली. मोजणीदार वैभववाडीचा, तोंडातून शब्द काढत नाही. यंत्र लावलं, चुन्याची फक्की टाकत चालला. झोपड्या सगळ्याच्या सगळ्या रेषेच्या पलीकडे! एकही वाटेत नाही. आणि रेषा? माकुलाच्या पोटातून आत शिरली, शुभदाच्या जास्वंदी ओलांडून न्हाणीच्या कोपऱ्याला लागून बाहेर पडली.

"मास्तर, जुनी पाणंद तुमच्या आवारात आहे," एवढंच बोलला. मी त्याचं यंत्र तपासायला मागितलं. दिलं नाही.

सगळी वस्ती उभी होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान ओरडता आलं असतं.

१९ फेब्रुवारी

स्कूटर सुरू होईना. प्लग खराब. योगायोग.

२१ फेब्रुवारी

न्हाणीच्या कौलांवर नारळ पडला. गुरुत्वाकर्षण!

२३ फेब्रुवारी

दाढ. सूज डोळ्यापर्यंत. शुभदा लवंग देत म्हणाली, "'व्हय म्हाराजा' म्हणताना तोंड मोठां उघडलास, म्हणान दुखता." मी हिच्याशी बोलणं सोडलं आहे.

२५ फेब्रुवारी

हरकतीचा अर्ज लिहून ठेवला. नगरपरिषदेतला कारकून म्हणाला, "द्या बिनधास्त. दोन पावसाळे काम हलत नाही." तळेरे गावच्या मेव्हण्याने तर अभिनंदनच केलं. पण अर्ज घेऊन निघालो की गाऱ्हाणं आठवतं. मी विज्ञानाचा माणूस! फळ्यावर 'अंधश्रद्धा' लिहून त्यावर फुली मारलेला माणूस! आणि आज उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना वर माडाकडे बघतो.

२७ फेब्रुवारी

सीताबाईंची खुर्ची गेली. बाळाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपराला फडकं बांधलं होतं.

ते लांब गेल्यावर हळूच धोंडूकडे गेलो. म्हटलं, माझा विश्वास नाही, पण शुभदाला फार भीती वाटते (देव मला क्षमा करो), तेव्हा उलटं गाऱ्हाणं घालता येईल का?

धोंडू जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "उलटां घालूक येता, मास्तरानू. पण 'व्हय म्हाराजा' म्हणूक माणसां होयी. तुमी एकटेच म्हणतलास?"

खरंच. माझ्या बाजूने कोण म्हणेल? घरी आलो. शुभदालाही विचारायचा धीर झाला नाही.

२ मार्च

काय लिहू? सकाळी धोंडू दारात. हातात नारळ, आणि मागे अख्खी वस्ती! मला वाटलं, गडगा पाडायला आले. तर सगळे अंगणात हात जोडून उभे राहिले. सीताबाईंची खुर्ची बाळाने जास्वंदीपाशी ठेवली, बरोबर चुन्याच्या रेषेवर.

"बा देवा म्हाराजा! ह्या मास्तराच्या घराक खंयची बाधा लागू देव नको. तेच्या हातसून काय चुकला आसात, तर लेकरू म्हणान पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सीताबाईंचा आवाज सगळ्यांत वर. श्वास पुरत नव्हता, तरी. गडग्याचं नाव कोणी काढलं नाही. शुभदाने सगळ्यांना चहा केला. नारळाचं खोबरं वाटून ते निघून गेले, त्याच अरुंद वाटेने, एकामागून एक.

मला लाज वाटली. इतकी, की दाढ दुखायचं विसरली. अर्ज चुलीत घातला.

३ मार्च

उजाडताच पहार घेऊन गडग्याला भिडलो. पहिला चिरा हलेना. तेवढ्यात खुर्ची आली, थांबली. सीताबाई म्हणाल्या, "बाळा, माका खाली ठेव आणि मास्तराक हात लाय. मी बसलंय हंय."