निकिताचा मेंदू आणि मंडळाची पेटी

५ जानेवारी

अंगण झाडून झालं होतं. मी तुरीची डाळ पाखडत होते आणि हे ओसरीवर बसून जुन्या धोतराच्या फडक्याने पेटीच्या पट्ट्या पुसत होते. पाणी तापलं, आंघोळ करा म्हटलं, तर म्हणाले, थांब, एक पट्टी चिकटून राह्यली. मग चहा, भाकरी, म्हशीचं पाणी. विशेष काही नाही. अशा सकाळी किती झाल्या. नेमकी हीच का आठवते, माहीत नाही. यांना जाऊन एक वर्ष दोन महिने झाले.

ग्यानबा येऊन गेला म्हणून असेल. तो आमच्या रिठदच्या भजनी मंडळाचा पुढारी. म्हणे, वैनी, पेटी मंडळाची हाये, सप्त्याच्या आधी देऊन टाका. वाजवणारा गेला की पेटी पुढच्या वाजवणाऱ्याच्या घरी, ही रीत. मला रीत शिकवतो. तीस वर्षं पेटी माझ्या घरात आहे, तिची खोळ मी शिवली. सांगून टाकलं, देता येत नाही, माझी नात शिकते आहे.

नात अजून शिकत नव्हती. उद्यापासून शिकेल. म्हणजे खोटं नाही.

६ जानेवारी

पेपरात आलंच आहे. पुरवणी जपून ठेवली आहे. लहान वयात वाद्य शिकलं की मेंदूची वाढ चांगली होते, लक्ष लागतं, आठवण पक्की होते. निकिता सहा वर्षांची, दोनचा पाढा बे सातीला अडकतो. तेव्हा पेटी ठेवणं माझ्यासाठी नाहीच, पोरीच्या मेंदूसाठी आहे. ठरलं. रोज सकाळी अर्धा तास. पंधरा दिवसांत दहापर्यंत पाढे.

७ जानेवारी

यांच्या पेटीच्या जुन्या पुस्तकात बघून पट्ट्यांवर खडूने सा रे ग म लिहिलं. मी वाचायलाही अशीच शिकले, किराण्याच्या पुड्यांवरून. मास्तर लागतोच असं नाही.

भात्याची कडी मात्र उघडली नाही. हवा न भरता नुसती बोटं फिरवायची. आवाज येत नाही, पण मेंदूला बोटं पुरतात. शिवाय शेजारच्या चतुराबाईला त्रास नको. चतुराबाई सकाळी सहापासून टीव्ही गावभर ऐकवते, तरी आपण आपली रीत सोडू नये.

११ जानेवारी

निकिता म्हणे, आजी, ही पेटी बिघडली का? म्हटलं, तू शीक. सराव चांगला झाला. मग पाढा घेतला. बे साती सोळा. परवा तेरा म्हणाली होती, ते तरी जवळ होतं. डोकं फिरलं. शाळेत काही शिकवतच नाहीत.

१३ जानेवारी

सून वैजयंतीने मला न विचारता पुरवणी वाचली. म्हणे, आई, यात तं लिवलं हाये का कान अन् हात संगं चालले तं फायदा. तुमी कानच ठेवला नाई. शिकलेल्या सुना दुसऱ्याच्या पेपरात चुका काढतात. तो परिच्छेद मी वाचला होता. छपाई पुसट होती.

तिच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं. संध्याकाळी मीठ कुठे आहे ते विचारावं लागलं.

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला मला कोण बोलावणार? बरं झालं. सरावाला वेळ मिळाला. निकिता मात्र वाणाच्या वाट्या बघायला पळाली.

१८ जानेवारी

हरीओम म्हणे, आई, देऊन टाक न पेटी, काहून अडून बसली? पोटचा मुलगा. म्हटलं, मला पेटीचं काही नाही, तुझ्या पोरीच्या मेंदूचा प्रश्न आहे. तो म्हणे, पोरीच्या का तुह्या? आणि हसला. मी दिवसभर जेवले नाही. हुरडा खाल्ला, पण ते जेवण नव्हे.

२१ जानेवारी

ग्यानबा परत आला. सोबत त्याची सून मंजू. मंडळात आता तीच पेटी वाजवणार म्हणे. मी म्हटलं, आमची पोर तयार आहे, बघून घ्या. निकिता शहाण्यासारखी बसली. बोटं अगदी बरोबर ठेवली.

ग्यानबा म्हणे, वैनी, भाता तं उघडा. म्हटलं, असू द्या. तो म्हणे, बिनहवेची पेटी कोनाले आयकू येते? आणि त्यानेच कडी काढून भाता मारला. निकिताचं बोट सा वर होतं. सूर निघाला. पोर दचकून माझ्या पदराआड आली. म्हणे, आजी, हे बोंबलते.

मंजूला हसू आलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि पेटी आपल्यापुढे ओढली.

मी चहा ठेवायला आत गेले. चहा ठेवला नाही. चुलीपुढे बसून राहिले. वर्षभर ज्या आवाजाला कडी लावून ठेवली, तो मंजूच्या हातून भिंतीपलीकडून येत होता. ग्यानबाचा राग आला. पुरवणीचा आला. सगळ्यात जास्त यांचा आला, वाजवायचं सोडून गेले म्हणून. तेवढ्यात निकिता धावत आली. म्हणे, आजी, त्या काकूले म्हन न, अजून वाजव.

पाढा विचारला नाही.

२३ जानेवारी

काल सकाळी पेटी डोक्यावर घेतली आणि मंजूकडे नेऊन दिली. निकिताला तिच्याजवळ बसवलं. शिकवणी संपेपर्यंत मी बाहेर ओट्यावर बसून ऐकलं.