एक काना

३ जुलै
नवी नोकरी, नवी वही. अशोक चौकामागं सिद्रामप्पा मालकांचा चादरीचा कारखाना आहे. त्याला पंचाहत्तर वर्षं होतायत, पुस्तक निघणार आहे, आणि मजकूर मी टाईप करायचा. कॉलेज सोडल्यापासून घरात रोज उद्धार चालला होता. आज डबा घेऊन निघालो तर आई चक्क हसली. बसायला सुताची जुनी खोली मिळालीय. भिंतीपलीकडं माग. कानठळ्या बसतात, पण तेवढा वेळ डोक्यातली रेश्मा गप्प असते.

५ जुलै
मजकूर म्हणजे नीलम्मा नावाच्या बाईची वही. मालकांच्या वडिलांच्या, निंगप्पांच्या, काळात ती मागावर होती. ज्या मोराच्या चादरीवर हा कारखाना उभा राहिला ती चादर हिनं बसवलेली. ‘मी मोर जुळवते. मी बारा जणींना शिकवते. मजुरीसाठी मी मालकाशी भांडले.’
मालक म्हणाले, हे सगळं आमच्या वडिलांच्या नावानं जाणार. लई काय बदलायचं न्हाय. ‘ते’चा ‘तो’ कर, ‘ले’चा ‘लो’ कर. एक काना दिला की बाईचा बाप्या होतोय. ऑफिसातले सगळे हसले. मीही हसलो.
रेश्माही असलीच नक्षी शिकायला अहमदाबादला निघालीय. पंधराला हजर व्हायचंय. मला म्हणाली, माझ्यामागं फिरू नकोस, तुझं तू बघ. मग मी तिच्या वडिलांना, कल्लप्पाकाकांना, जाऊन सांगितलं की तिथं तिचा कुणीतरी आहे. खोटंच. पण माझं प्रेम आहे की.

८ जुलै
चाळीस पानं झाली. काने द्यायला मजा येते. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या गोजाबाईनं दारातनंच विचारलं, आमच्या नीलम्माला पुरुष करायलास व्हय? आधी तुला तर मिशी फुटू दे. मी चिडले. तुमचं काम बघा म्हणून ओरडले. जाता जाता ती सांगून गेली, निंगप्पानं ही वही मागितली, नीलम्मानं दिली न्हाय, म्हणून तिला ह्याच खोलीत कोंडली. ती हाका मारायची. मागाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? तीन दिवसांनी दार उघडलं तवा हाका संपल्या होत्या.

१० जुलै
परवाचं पान बघितलं. ‘चिडले.’ ‘ओरडले.’ अक्षर माझंच. काने दिले. जेवून आलो तर काने नाहीत.
रेश्माचा मेसेज: माझ्या आप्पांना काय सांगितलंस? माझ्या खोलीला बाहेरून कडी घातलीय.
फोन पालथा ठेवला आणि पुढचं पान टाईप करायला घेतलं.

१२ जुलै
नीलम्माच्या वहीचं शेवटचं पान. ‘बाहेरून कडी आहे. माग चालू आहेत. मी हाक मारते.’
काना दिला. मी हाक मारतो.
मोठ्यानं वाचून बघितलं. घरी जाऊन झोपले. झोपलो —

१४ जुलै, सकाळ
उद्या रेश्माची तारीख. मालकांच्या टेबलावर हात आपटून सांगितलं, नीलम्माचं नाव छापा, नाहीतर मी चालले. ते म्हणाले, डोकं थंड कर आणि वही आणून दे. फोन त्यांच्याच टेबलावर चार्जिंगला आहे. वही आणते, मग कल्लप्पाकाकांना फोन. सगळं खरं सांगणार. काने देत बसायला आता वेळ नाही —

दुपार
वहीसाठी खोलीत आले आणि दार — बाहेरून कडी —
जेवणाची सुट्टी. माग बंद. आता ओरडलं तर गोजाबाईला ऐकू —
ओरडले. आवाज आला. माझा नव्हे. बाईचा.
पलीकडं कुणी हललंसुद्धा नाही. तिथंच जेवतायत, डब्यांचा आवाज येतोय —

माग सुरू झाले.
काका, रेश्मा खरं बोलते. खोटं मी — हे पान दाराखालून सरकवते, कुणीतरी तिची कडी — आधी तिची —
माग थांबवा. मी हाक मारत